घरच्या शूटिंगसाठी हँडीकॅम घ्यावा का? एका वादाचा आढावा

वीस हजार रुपयांच्या आतबाहेर बजेट आहे, घरचे समारंभ चांगल्या दर्जात टिपून ठेवायचे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा? पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सोनी, पॅनासॉनिक, कॅनन आणि जेव्हीसी या चार नावांपैकी एकाचा एचडी हँडीकॅम घ्यायचा, आणि वाद घालायचाच तर कोणत्या कंपनीचा यावर घालायचा. आता वाद एक पायरी मागे गेला आहे. हँडीकॅम नावाची वस्तू मुळात घ्यावीच का, खिशातला फोन पुरत नाही का, आणि पैसे घालायचेच तर मोठ्या लेन्सच्या मिररलेस कॅमेऱ्यात का घालू नयेत, असे तीन पक्ष पडले आहेत. तिन्ही पक्षांकडे पुरावे आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे.

या विषयावरचा बहुतेक सल्ला शहरी घर डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. उजेडाची खोली, दोन मिनिटांच्या क्लिपा, रिक्षाच्या अंतरावर सर्व्हिस सेंटर. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आसगावातून पाहिले तर चित्र बदलते. हा धानाचा चौरास भाग. इथे लग्न आणि बारसे आहेच, पण दिवाळीनंतर मंडई भरते, दंडारीचे लोकनाट्य होते, शाळेचे स्नेहसंमेलन मंडपात रंगते आणि झाडीपट्टीचे नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केलेल्या बैलांच्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, तेव्हापासून शंकरपटही पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला आहे. म्हणजे टिपायचे ते बरेचसे रात्रीचे, लांबचे, तासन् तास चालणारे, लाउडस्पीकरच्या आवाजातले आणि धुळीतले. या कसोटीला लावले की खोक्यावरचे ‘फुल एचडी’ हे शब्द निवडीत सर्वांत कमी कामाचे ठरतात, असे माझे मत आहे. निवड ठरते ती उजेडाने, आवाजाने, चित्रीकरणाच्या लांबीने आणि फाइलचे पुढे काय होणार याने.

कॅसेटपासून कार्डापर्यंत

भारतात घरोघरी व्हिडिओ पोचला तो १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या आगेमागे, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआरच्या लाटेत. पुढच्याच वर्षी सोनीने बीटामूव्ही आणला. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच धडात असलेले हे घरगुती यंत्र खांद्यावर घ्यावे लागे आणि त्यावर नुसते रेकॉर्ड होई, काढलेले त्यातच पाहण्याची सोय नव्हती. १९८५ मध्ये आठ मिलिमीटरची व्हिडिओ-एट कॅसेट आली, कॅमेरा तळहातात मावू लागला, आणि सोनीचे ‘हँडीकॅम’ हे व्यापारी नाव आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना चिकटले. १९९५ पासून मिनीडीव्ही आले आणि चित्र डिजिटल झाले. लग्नाचे शूटिंगवाले मात्र बराच काळ खांद्यावरच्या पॅनासॉनिकवर होते. मोठा कॅमेरा दिसला की मंडपात वाट मिळते, हेही त्याचे एक कारण असावे.

एचडीचा टप्पा २००३ च्या एचडीव्ही मानकाने सुरू झाला. त्यात जुनीच मिनीडीव्ही कॅसेट चाले. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून एव्हीसीएचडी जाहीर केले आणि कॅसेटची जागा हळूहळू मेमरी कार्डाने घेतली. फरक आकड्यांत सांगायचा तर आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्ही चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख ठिपके असत. १२८० गुणिले ७२० च्या एचडीत ते ९.२ लाख झाले आणि १९२० गुणिले १०८० च्या फुल एचडीत २०.७ लाख. पाचपट वाढ. एवढी झेप डोळ्यांना सहज दिसली, म्हणून त्या काळात एचडी हीच खरेदीची कसोटी होणे स्वाभाविक होते.

मग फ्लिपचे प्रकरण घडले, आणि आजच्या वादाचे मूळ तिथे आहे. प्युअर डिजिटल या अमेरिकी कंपनीचा फ्लिप हा खिशात मावणारा, एका लाल बटणाचा, स्वस्त व्हिडिओ कॅमेरा होता. चित्र मोठ्या हँडीकॅमपेक्षा कमी प्रतीचे, झूम नावाला, तरी तो धडाधड खपला. मार्च २००९ मध्ये सिस्कोने ही कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरना घेण्याचा सौदा जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोनला व्हिडिओ आला, पुढच्या वर्षी त्याचा एचडी झाला आणि एप्रिल २०११ मध्ये सिस्कोने फ्लिप बंद करून टाकला. फोनवाले या कहाणीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात की लोकांना दर्जापेक्षा हाताशी असणे महत्त्वाचे वाटते. हँडीकॅमवाले त्याच कहाणीतून दुसरा अर्थ काढतात. फ्लिप गेला कारण फोनला जमणार नाही असे त्याच्याकडे काहीच नव्हते. झूम असलेला कॅमेरा त्या रांगेत बसवू नका, असे त्यांचे म्हणणे.

तीन बाजू

हँडीकॅमच्या बाजूचा मुख्य मुद्दा ऑप्टिकल झूमचा. सोनीचा २०१५ चा एचडीआर-सीएक्स४०५ हा या दर्जातला सर्वांना ठाऊक असलेला नमुना. त्याला ३० पट ऑप्टिकल झूम आहे. पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही१८० ला ५० पट, कॅननच्या लेग्रिया एचएफ आर८०६ ला ३२ पट. स्वस्त फोनमध्ये मात्र बोटांनी चित्र मोठे केले की बहुतेक वेळा तेच चित्र कापून ताणले जाते. मंडपाच्या मागच्या कडेला स्टँड लावून स्टेजवरच्या मुलीचा चेहरा भरभरून घ्यायचा तर लेन्सला पर्याय नाही. शिवाय हँडीकॅम हा त्याच एका कामाचा असतो. त्याला फोन येत नाही, त्यावर मेसेज वाजत नाही, आणि तो रात्रभर स्टँडवर राहिला म्हणून घरातला कोणी संपर्काबाहेर जात नाही.

फोनच्या बाजूचा मुद्दा असा की तो आधीच घेतलेला आहे, त्यामुळे वीस हजारांची तुलना शून्याशी आहे. वर त्याचा संवेदक हँडीकॅमच्या संवेदकापेक्षा मोठा असतो आणि काढलेले लगेच पाठवता येते. करानेही आता दोघांत फरक ठेवलेला नाही. डिजिटल कॅमेरे आणि व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मोबाइलवरचा एप्रिल २०२० मध्ये १२ वरून १८ वर गेला.

तिसरी बाजू स्टुडिओवाल्यांची. त्यांच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस असतात, आणि चित्राच्या प्रतीत ते बाकी दोघांना सहज मागे टाकतात. पण घरगुती वापरात अडचणी येतात. सोबत मिळणारी लेन्स अंधारात फार उजेड घेत नाही, झूम हाताने गोल फिरवावा लागतो आणि तो धक्का चित्रात दिसतो. जुन्या मॉडेलांत सलग रेकॉर्डिंग तिसाव्या मिनिटाच्या आत थांबते. तीस मिनिटांहून जास्त सलग रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जादा आयातशुल्क लागे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घालून ठेवली होती. सेकंडहँड घेणाऱ्याने हे दुकानातच विचारावे. स्वस्तातला नवा मिररलेसही या बजेटमध्ये बसत नाही, म्हणून या बाजूवर इथे अधिक रेंगाळण्यात अर्थ नाही. ॲक्शन कॅमेऱ्यांचेही तसेच. रोवणीच्या वेळी पावसात, चिखलात उभे राहून शूटिंग घ्यायचे असेल तर ते उत्तम, एरवी त्यांची लेन्स फारच रुंद.

उजेड

खरा निवाडा इथे होतो. सीएक्स४०५ आणि व्ही१८० या दोन्ही कॅमेऱ्यांचा संवेदक १/५.८ इंच वर्गातला आहे, म्हणजे कर्ण जेमतेम तीन मिलिमीटरचा. मध्यम किमतीच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कर्ण साधारण त्याच्या दुप्पट असतो, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. उजेड गोळा करण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते. त्यात आणखी एक गोम आहे. झूम वाढवला की स्वस्त लेन्सचे तोंड बारीक होत जाते. सीएक्स४०५ ची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ असते ती पूर्ण झूमवर एफ ४ होते. हिशेब केला तर आत येणारा उजेड जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतो. थोडक्यात, झूम हे हँडीकॅमचे बळ आणि अंधार ही त्याची दुखरी बाजू, आणि झाडीपट्टीच्या नाटकात दोन्ही एकाच वेळी लागतात.

यावर हँडीकॅमवाल्यांचे उत्तर असे की नाटकाचा रंगमंच काही अंधारात नसतो, त्यावर दिवे असतात. हे खरे आहे, आणि म्हणून आक्षेप निम्माच उरतो. स्टेजवर झगझगीत दिवे, आजूबाजूला काळोख, अशा वेळी कॅमेऱ्याचा ऑटो भाग सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळोख उजळायला जातो आणि नटाचा चेहरा पांढराफट्ट होतो. दोष संवेदकाचा नसून सेटिंगचा. हँडीकॅमच्या मेनूत जाऊन एक्स्पोजर हाताने खाली आणता येते. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक मॉडेलांत फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, मग सूर्याचे चिन्ह खाली ओढायचे. एवढे केले तरी रात्रीच्या चित्रात निम्मी सुधारणा होते. जाहिरातीतल्या ‘नाइट मोड’वर मात्र विसंबू नये. तो मुख्यतः फोटोसाठी असतो. फोटोत अनेक चित्रे एकावर एक रचायला सवड असते, व्हिडिओत एका चौकटीला सेकंदाचा पंचविसावा-तिसावा भागच मिळतो.

दुसरी अडचण लुकलुकण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० असला की हे दिसत नाही. १/६० असला की चित्रावर पट्टे सरकू लागतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणून दिलेला हँडीकॅम बहुधा ६० चौकटींच्या तिकडच्या पद्धतीचा असतो, आणि आपल्या लग्नघरातल्या ट्यूबलाइटखाली तो हाच त्रास देतो. भेट आलेला कॅमेरा उत्तम कंपनीचा असूनही चित्र का थरथरते याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. शटर हाताने १/१०० ला बांधता येत असेल तर तो वापरावा. फोनमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ किंवा ‘५० हर्ट्झ’ असे सेटिंग असते, ते एकदा लावून ठेवावे.

आवाज

खरेदीच्या गप्पांत सर्वांत कमी बोलला जाणारा आणि नंतर सर्वांत जास्त खटकणारा भाग हा. झूम चित्र जवळ आणतो, आवाज आणत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने पडतो. वक्त्यापासून एका मीटरवर असलेला माइक आणि सोळा मीटरवर मागे स्टँडवर असलेला माइक यांत २४ डेसिबलचा फरक पडतो. मागच्या माइकला मग शेजारच्या बाकावरची कुजबुज आणि जनरेटरची घरघर आधी ऐकू येते. मोठ्या झूमचा हँडीकॅम घेणारा माणूस तो लांब लावण्यासाठीच घेतो, त्यामुळे हा तोटा त्यालाच अधिक भोवतो.

उपाय असा की माइक कॅमेऱ्यापासून सोडवायचा. इथे मॉडेलांमधला फरक महत्त्वाचा ठरतो. सीएक्स४०५ आणि व्ही१८० यांना बाहेरचा माइक लावायचे छिद्र नाही. आर८०६ ला आहे. जास्त झूम की माइकचे छिद्र, असा प्रश्न आला तर मी छिद्राच्या बाजूने. फोनला तर कॉलर माइक सहज लागतो. बोयासारख्या कंपनीच्या साध्या वायरवाल्या माइकला सहा मीटर तार असते. स्नेहसंमेलनात किंवा नाटकात त्याहून चांगली युक्ती म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरवरून लाइन मागून घेणे, किंवा दुसरा जुना फोन स्टेजच्या कडेला नुसता आवाज टिपायला ठेवणे. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवली की नंतर दोन्ही फाइल त्या टाळीवर जुळवता येतात. डीजेजवळ मात्र उलटे होते. आवाज फाटतो. तिथे माइकची पातळी खाली आणता येते का, हे पाहावे.

तास आणि जीबी

एव्हीसीएचडीचा सर्वांत वरचा दर्जा सेकंदाला २८ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाला साधारण १२.६ जीबी. सहा तासांच्या नाटकाला ७५ जीबीच्या वर. सोनीचा एक्सएव्हीसी एस हा ५० मेगाबिटचा प्रकार लावला तर तेच नाटक १३५ जीबी होते. हँडीकॅममध्ये कार्ड बदलता येते, चार्जर लावून ठेवला की बॅटरीची चिंता मिटते. फोनमध्ये जागा ठरलेली, वरून अनेक मॉडेलांना कार्डाची खाच उरलेली नाही. सहा तास सलग रेकॉर्डिंग करताना फोन तापतो तो वेगळाच, आणि विदर्भातल्या मे महिन्यातल्या लग्नात तर भर दुपारी तो बंदही पडू शकतो. लांब चित्रीकरणात हँडीकॅम आजही पुढे आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

पण त्या फाइलचे पुढे काय होते? बहुतेक घरांत व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून मामाकडे, आत्याकडे जातो. तिथे तो आपोआप दाबला जातो. २०२३ मध्ये आलेला एचडीचा पर्याय निवडला तरी तो ७२० वर येतो, न निवडला तर त्याहून खाली. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेले २० लाख ठिपके पोचायच्या आधीच अर्ध्याहून जास्त गळतात. यावर कोणी म्हणेल की मूळ फाइल तर घरात राहते. राहते, जर कोणी ती कार्डावरून काढून दोन ठिकाणी ठेवली तर. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, पण हे किती घरांत माहीत असते?

मग कोणी काय घ्यावे

लग्न, बारसे, वाढदिवस, घरातली रोजची हालचाल एवढेच टिपायचे असेल तर नवा हँडीकॅम घेण्याला आता कारण उरलेले नाही. सगळे दहा-बारा फुटांत घडते. तिथे फोन, एक भक्कम स्टँड, एक माइक आणि साठवणीला हार्ड डिस्क इतके घेतले तरी बजेटातले बरेच पैसे शिल्लक राहतात. ज्या घरातले कोणी दंडारीत आहे, नाटकात काम करते, शाळेत शिकवते किंवा शंकरपटाच्या दाणीवर उभे असते, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. लांबून, सलग, स्थिर चित्र त्यांना हवे आणि त्यासाठी माइकचे छिद्र असलेला हँडीकॅम अजून उपयोगी आहे. पळत्या बैलजोडीबरोबर कॅमेरा फिरवताना पाठीमागची झाडे तिरपी झालेली दिसतात, कारण सीमॉस संवेदक चित्र ओळीओळीने वाचतो. ते फोनमध्येही होते, महागड्या कॅमेऱ्यातही थोडेफार होते, त्यापायी मॉडेल बदलण्यात हशील नाही.

जुन्या बाजारातून घेताना एचडीव्ही टाळावा. चित्र अजूनही देखणे, पण कॅसेट संगणकात उतरवायला फायरवायर लागते आणि ती आजच्या लॅपटॉपला नसते. जुन्या एव्हीसीएचडी हँडीकॅमची बॅटरी किती धरते ते आधी तपासावे. आणि वर्षातून दोनदाच काम पडणार असेल तर शूटिंगवाल्याकडून भाड्याने आणणे सर्वांत शहाणपणाचे. घ्यायचाच झाला तर नागपूरला जाताना स्वतःचे कार्ड न्यावे, दुकानातला ट्यूबलाइट, फिरता पंखा आणि अंधारा कोपरा असे तिन्ही पूर्ण झूमवर टिपून घरच्या टीव्हीवर पाहावे. दुकानाच्या झगझगाटात, त्याच कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलेले चित्र काहीही सांगत नाही.

जे अजून सुटलेले नाही

पहिली अनिश्चितता बाजाराची. या दर्जाचे नवे हँडीकॅम येणे जवळजवळ थांबले आहे. आज विकला जाणारा माल बराचसा दहा वर्षांपूर्वीच्या आराखड्यावरचा आहे, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे दुकानदारही छातीठोकपणे सांगत नाही. फोनच्या लेन्सांमध्ये ऑप्टिकल झूम वाढतो आहे, तो मध्यम किमतीत पुरेसा उतरला तर हँडीकॅमचा उरलेला आधारही जाईल. कधी, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न आधी काढून ठेवलेल्याचा. जगातली शेवटची व्हीसीआर बनवणारी जपानी कंपनी फुनाई २०१६ मध्ये त्यातून बाहेर पडली. २०१९ मध्ये युनेस्कोशी निगडित तज्ज्ञांनी चुंबकीय फितींबाबत धोक्याची सूचना दिली आणि २०२५ नंतर त्या वाचणारी यंत्रे मिळणे दुरापास्त होईल असे बजावले. पेटीत पडलेल्या लग्नाच्या कॅसेटना पावसाळ्यात बुरशी चढते. अशा घरात नवा कॅमेरा आधी घ्यावा की त्याच पैशांत जुन्या कॅसेट उतरवून घ्याव्यात, यावर दोन मते आहेत, आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे. लग्न पुन्हा लागत नाही, कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळतो.

तिसरा प्रश्न तंत्राचा नाहीच. झाडीपट्टीचे नाटक तिकीट लावून होते. प्रेक्षकाने ते पूर्ण टिपले तर ते घरगुती शूटिंग म्हणायचे का? घरच्या नटाच्या आठवणीसाठी टिपले तर मंडळी बहुधा हसून परवानगी देतील. तेच सकाळी यूट्यूबवर गेले तर पुढच्या गावच्या तिकीटविक्रीचे काय, हा प्रश्न निर्मात्याचा आणि तो रास्त आहे. दुसरीकडे, दंडारीसारख्या प्रकारांचे जे काही नोंदून राहील ते अशाच हौशी फाइलींतून राहणार, हे म्हणणेही खोटे नाही. लेखी परवानगी, ठरावीक भाग, की प्रयोगांचा हंगाम संपल्यावर पूर्ण नाटक, यांपैकी कोणता रिवाज रुळेल हे अजून ठरायचे आहे, आणि ते ठरवणे मंडळी आणि गाव यांच्याच हातात आहे.